आहे, पण लावलेलं नाही

पोस्टग्रेस हा डेटाबेस फुकट मिळतो, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. त्याच्या कामाच्या कितीतरी गोष्टी वेगळ्या पॅकेजमध्ये असतात, ते पॅकेज वेगळं आणावं लागतं, आणलं तरी आपोआप सुरू होत नाही, आणि सुरू झालं तरी मराठी वाचेलच असं नाही, हे कळायला मात्र बराच काळ जावा लागला.

आमचं दुकान जवळा बाजारला, परभणीहून औंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. झेरॉक्स, पीक विम्याचे अर्ज, सातबारा, निकालाच्या दिवशी पोरांची गर्दी. कॉम्प्युटरचं माझं ज्ञान म्हणाल तर विंडोज नव्यानं टाकणं आणि प्रिंटरमध्ये अडकलेला कागद न फाडता काढणं. अशा माणसाकडे हळद पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या एका गटाचे सचिव आले. गावोगावच्या सभासदांच्या याद्या त्यांच्याकडे एक्सेलमध्ये होत्या, प्रत्येक यादी वेगळ्या माणसानं टाइप केलेली. एका यादीत ‘शिरड शहापूर’, दुसरीत ‘शिरडशहापूर’, तिसरीत ‘शिरड-शहापुर’. पुरजळचंही तसंच, निम्म्यांनी पहिला उकार दिलेला, निम्म्यांनी दुसरा. माणसांच्या नावांचे हाल तर विचारू नका.

“भाऊ, माणूस एकच हाय, पण कॉम्प्युटरला तीन दिसायलेत,” सचिव म्हणाले. “नाव थोडं चुकून टाकलं तरी सापडलं पाहिजे, असं काहीतरी करा.”

मी हो म्हणालो आणि रात्री मामेबहिणीला फोन लावला. ताई पुण्यात डेटाबेसचंच काम करते. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की पोस्टग्रेसमध्ये पीजी-ट्रायग्राम नावाचा एक भाग आहे, तो दोन शब्दांचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे करतो आणि किती तुकडे सारखे निघाले यावरून साम्य मोजतो. साम्य शून्य ते एकच्या मध्ये येतं, 0.3 च्या वर गेलं की शब्द सारखे धरायचे, ही त्याची मुळातली मर्यादा, ती बदलताही येते. मॉस्कोच्या ओलेग बार्तुनोव आणि तेओदोर सिगाएव यांनी तो लिहिलाय. “पोस्टग्रेसबरोबरच येतो तो,” ताई म्हणाली.

हे ‘बरोबरच येतो’ मला फार महागात पडलं.

गटाच्या ऑफिसातल्या मशीनवर लिनक्स होतं आणि पोस्टग्रेसची 16 वी आवृत्ती कुणीतरी आधीच टाकून ठेवलेली होती. मी ताईनं सांगितलेलं फंक्शन चालवलं. उत्तर आलं की ‘सिमिलॅरिटी’ नावाचं फंक्शनच अस्तित्वात नाही. ताईला सांगितलं, तर ती म्हणाली, “अरे, आहे ते. लावलेलं नाही. क्रिएट एक्स्टेंशन कर.” केलं. मग वेगळं उत्तर आलं: हे एक्स्टेंशन उपलब्ध नाही, त्याची कंट्रोल फाइल सापडत नाही. खाली एक सूचनाही होती, की पोस्टग्रेस ज्या मशीनवर चालतंय तिथं हे एक्स्टेंशन आधी इन्स्टॉल केलेलं असलं पाहिजे. ती मी तेव्हा वाचली, पण समजून घेतली नाही. मला वाटलं, इन्स्टॉलच तर करतोय!

इथं थोडं थांबून सांगतो, कारण माझ्यासारख्या नवख्याची सगळी गल्लत याच जागी होते. पोस्टग्रेसच्या कोशात ‘इन्स्टॉल’ दोनदा होतं. एकदा मशीनवर: म्हणजे डिस्कवर तीन प्रकारच्या फाइली येऊन बसतात. एक छोटी कंट्रोल फाइल, तिच्यात नाव, आवृत्ती, एका ओळीचं वर्णन. दुसरी एसक्यूएलची फाइल, तिच्यात फंक्शनं आणि ऑपरेटर कसे तयार करायचे ते. तिसरी सी भाषेतून बनवलेली लायब्ररी, खरं काम करणारी. हे झालं की एक्स्टेंशन ‘उपलब्ध’ होतं. मग दुसऱ्यांदा, ज्या डेटाबेसमध्ये ते हवं त्याच डेटाबेसमध्ये जाऊन क्रिएट एक्स्टेंशन म्हणायचं. शेजारच्या डेटाबेसमध्ये केलेलं इथं चालत नाही. एका मशीनवर दहा डेटाबेस असतील तर दहा वेळा. नवे डेटाबेस ज्या साच्यावरून निघतात त्या टेम्प्लेट-वनमध्ये आधीच करून ठेवलं तर पुढं तयार होणाऱ्या नव्या डेटाबेसांना ते आयतं मिळतं, हा त्यातला एक आडमार्ग.

ट्रॅक्टरवाल्याला हे पटकन कळेल. रोटाव्हेटर शेडमध्ये उभा असणं वेगळं, तो तीन टेकूंवर जोडून पीटीओ लावणं वेगळं, आणि तो आपल्या ट्रॅक्टरच्या एचपीला झेपणारा असणं आणखी वेगळं.

आणि त्या एचपीपाशीच मी अडकलो होतो. ताईच्या मशीनवर उबंटू. तिथं आणि डेबियनमध्ये पोस्टग्रेसच्या 10 व्या आवृत्तीपासून हे सगळे जोडभाग मुख्य सर्व्हरच्या पॅकेजमध्येच घातलेले आहेत, म्हणून तिच्या दृष्टीनं ते ‘बरोबरच येतात’. माझ्यासमोरचं लिनक्स रेड हॅटच्या घराण्यातलं. तिथं ‘कॉन्ट्रिब’ नावाचं पॅकेज वेगळं ठेवलेलं असतं. सॉफ्टवेअर तेच, मूळ कोड तोच, बांधणारे हात वेगळे. पोस्टग्रेस लिहिणारे लोक आणि त्याचं पॅकेज बांधणारे लोक ही दोन निरनिराळी मंडळी आहेत, हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. मी कॉन्ट्रिब मागवलं, ते आलं, ‘पूर्ण झालं’ असंही म्हणालं, आणि एक्स्टेंशन तरी मिळेना. मशीनला दोन रेपो, म्हणजे पॅकेजांची कोठारं, जोडलेले होते: एक लिनक्सचा स्वतःचा, एक पोस्टग्रेस प्रकल्पाचा. साध्या नावानं मागितलेलं पॅकेज पहिल्यातून आलं, जुन्या आवृत्तीचं. त्याच्या फाइली वेगळ्या डिरेक्टरीत जाऊन बसल्या आणि 16 वाला सर्व्हर आपल्याच डिरेक्टरीत त्यांची वाट बघत राहिला. नावात 16 असलेलं पॅकेज मागितल्यावर काम झालं. नुसत्या फाइली उचलून इकडे आणल्या असत्या तरी चाललं नसतं. सीमधली लायब्ररी ज्या मोठ्या आवृत्तीसाठी बांधली, तिची खूण तिच्यात कोरलेली असते आणि सर्व्हर ती तपासूनच आत घेतो.

‘कॉन्ट्रिब’ या नावाबद्दल माझी तक्रार आहे. ऐकून वाटतं, कुणी हौशी मंडळींनी वर्गणी म्हणून दिलेलं, चाललं तर चाललं. वस्तुस्थिती उलटी आहे. या डिरेक्टरीत पन्नासेक भाग आहेत. मूळ प्रकल्पाची माणसंच त्यांची देखभाल करतात, त्याच चाचण्यांतून ते जातात, मुख्य डेटाबेसबरोबरच प्रसिद्ध होतात आणि तेवढीच, म्हणजे पाच वर्षं, दुरुस्ती त्यांना मिळते. 16 वी आवृत्ती सप्टेंबर 2023 मध्ये आली, तिची मुदत नोव्हेंबर 2028 पर्यंत. बाहेरचे जोडभाग ते वेगळे. नकाशांचं काम करणारं पोस्टजीआयएस घ्या: 2001 मध्ये कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहरातल्या रिफ्रॅक्शन्स रिसर्च या कंपनीतून ते निघालं, आणि आजही त्याची आवृत्ती, त्याचं वेळापत्रक, त्याचे सांभाळणारे सगळे स्वतंत्र. पीजीएक्सएन नावाच्या जाळ्यावर तर कुणीही आपलं एक्स्टेंशन ठेवू शकतं. तिथं हमी ठेवणाऱ्याच्या उत्साहाएवढीच.

मग सगळं मुख्य डेटाबेसमध्येच का घालत नाहीत? हा प्रश्न मी ताईला जरा चिडूनच विचारला. ती म्हणाली, “तुला हळदीच्या गटासाठी पुस्तकांचे आयएसबीएन तपासणारा भाग हवाय का?” तोही आहे त्या पन्नासांत. हे जोडभागांचं प्रकरण पोस्टग्रेसच्या जन्मापासूनचं आहे. मायकेल स्टोनब्रेकर यांनी 1986 मध्ये बर्कलीला हे काम सुरू केलं, तेव्हाच नवे डेटाप्रकार आणि नवी फंक्शनं बाहेरून जोडता आली पाहिजेत, हा त्यांचा हट्ट होता. जोडण्याची सोय होती, पण नीट व्यवस्था नव्हती. 2011 च्या 9.1 आवृत्तीपर्यंत एसक्यूएलची एक मोठी फाइल हातानं चालवावी लागायची, आणि बॅकअप घेतला की जोडभागाची सगळी फंक्शनं सुटी सुटी त्यात यायची. तुमची कोणती आणि त्याची कोणती, ओळखायची सोय नाही. दिमित्री फोंतेन या फ्रेंच प्रोग्रॅमरनं चिकाटी धरून क्रिएट एक्स्टेंशनची व्यवस्था लिहिली, टॉम लेन यांनी ती तपासून मुख्य कोडमध्ये घेतली. तेव्हापासून बॅकअपमध्ये फक्त एक ओळ येते: अमुक एक्स्टेंशन लावा.

ही एक ओळ पुढं मला रडवणार होती. त्याआधी मराठीचं सांगतो.

एक्स्टेंशन लागलं. परवानगीचाही एक छोटा अडथळा आला, पण 13 व्या आवृत्तीपासून काही जोडभाग ‘विश्वासू’ यादीत टाकलेत. डेटाबेसमध्ये नव्या गोष्टी तयार करण्याचा हक्क असलेल्या साध्या युजरलाही ते लावता येतात, आणि पीजी-ट्रायग्राम त्या यादीत आहे. मी आनंदानं ‘पुरजळ’ आणि ‘पूरजळ’ यांचं साम्य विचारलं. शून्य. म्हटलं, उकारामुळे असेल. मग ‘पुरजळ’ आणि ‘पुरजळ’, तेच अक्षर न अक्षर, विचारलं. शून्य! औंढा तालुक्यात दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी पकडणारी लायगो-इंडिया वेधशाळा होणार आहे, 2023 मध्ये केंद्रानं 2600 कोटी मंजूर केलेत. आणि त्याच तालुक्यात माझ्या मशीनला पुरजळ आणि पुरजळ हे एकच गाव आहे हे मान्य होईना.

कारण असं निघालं. पीजी-ट्रायग्राम तुकडे पाडण्याआधी कोणतं चिन्ह अक्षर आहे आणि कोणतं नाही, हे लोकॅलला, म्हणजे डेटाबेसला नेमून दिलेल्या भाषेच्या नियमांना, विचारतो. तो डेटाबेस ‘सी’ लोकॅलमध्ये उभारलेला होता, आणि सी लोकॅलच्या लेखी अक्षरं म्हणजे इंग्रजी ए ते झेड. अख्खी देवनागरी त्याला विरामचिन्हांसारखी. शब्दच नाही, तर तुकडे कुठले? रिकाम्या संचाचं रिकाम्या संचाशी साम्य शून्य. उपाय म्हणजे मराठी लोकॅलचा नवा डेटाबेस तयार करायचा. तो करायला गेलो तर लोकॅलच नाही म्हणे. या घराण्याच्या लिनक्समध्ये प्रत्येक भाषेचं लोकॅलही वेगळ्या पॅकेजमध्ये असतं, ग्लिबसी-लँगपॅक-एमआर या नावाचं. म्हणजे मराठी हासुद्धा ऐच्छिक जोडभाग! तो आणला, टेम्प्लेट-झिरो या कोऱ्या साच्यावरून नवा डेटाबेस केला, एक्स्टेंशन पुन्हा लावलं (डेटाबेस नवा, म्हणून पुन्हा), आणि पुरजळला पुरजळ सापडलं.

तुकडे दिसतात कसे ते बघायचं एक फंक्शन आहे. इंग्रजी ‘कॅट’चे तुकडे ते नीट दाखवतं. मराठी शब्दाचे दाखवताना मात्र शून्य-एक्सनं सुरू होणारे सोळा-अंकी पद्धतीतले आकडे आले, आणि पुन्हा सगळं बिघडलं म्हणून मी डोकं धरून बसलो. काही बिघडलेलं नव्हतं. बहुबाइटी लिपीचा तुकडा तीन बाइटांत मावत नाही, म्हणून त्याचा हॅश करून ठेवतात आणि तोच छापतात. मग मी कागद घेऊन हातानं तुकडे पाडले. शब्दाच्या आधी दोन मोकळ्या जागा, नंतर एक, आणि मात्रा हे स्वतंत्र चिन्ह धरायचं. ‘पुरजळ’चे सहा तुकडे, ‘पूरजळ’चे सहा. त्यातले तीन समान, एकूण वेगवेगळे नऊ. तीन भागिले नऊ, 0.33. एका उकारानं साम्य एकतृतीयांशावर आलं, 0.3 च्या उंबऱ्यावर कसंबसं. इंग्रजीत एखादं अक्षर चुकतं. आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, आणि ते तर सर्रास.

उच्चारावर चालणारं साउंडेक्स फझी-स्ट्रिंग-मॅच नावाच्या जोडभागात आहे. पण माहितीपत्रकातच लिहिलंय की ते युटीएफ-8 सारख्या संकेतनात नीट चालत नाही. ते लगेच सोडलं. मग अनॲक्सेंट सापडलं. युरोपीय अक्षरांवरची चिन्हं काढून टाकायला ते बनवलंय, पण त्याची नियमांची फाइल साधी मजकूर फाइल असते आणि आपली स्वतःची लिहिता येते. डावीकडे मूळ चिन्ह, उजवीकडे बदली. मी दीर्घ वेलांटीच्या जागी ऱ्हस्व, दीर्घ उकाराच्या जागी ऱ्हस्व, अशी मराठीची फाइल केली. शोधताना दोन्ही बाजूंना ती लावायची. झकास चाललं. माझी मीच पाठ थोपटली.

यादी वाढली तसा शोध मंदावला, म्हणून इंडेक्स करायला गेलो. नकार: इंडेक्समध्ये वापरायचं फंक्शन ‘अपरिवर्तनीय’ असलं पाहिजे, आणि अनॲक्सेंट तसं नाही. मला हा शुद्ध आडमुठेपणा वाटला. ताईनं विचारलं, “तुझी नियमांची फाइल कुठे आहे?” डिस्कवर. “उद्या ती कुणी बदलली तर?” तर उत्तरं बदलतील. “आणि आधीच बांधलेला इंडेक्स?” तो जुन्याच उत्तरांवर बसलेला. म्हणजे डेटाबेस बरोबर होता. जी गोष्ट त्याच्या घराबाहेर राहते तिची हमी तो देणार नाही.

तेवढ्यात ऑफिसचं मशीन बदलायचं ठरलं. बॅकअप नव्या मशीनवर चढवायला घेतला आणि त्या एकेका ओळीनं दम काढला. बॅकअप म्हणतोय अमुक एक्स्टेंशन लावा. मशीन म्हणतंय माझ्याकडे फाइली नाहीत. त्या आणल्या, तर मराठीची नियमफाइल नाही, ती जुन्या डिस्कवरच. सभासदांची प्रत्येक नोंद बॅकअपमध्ये सुखरूप, आणि ती शोधायची युक्ती मात्र मागे राहिलेली.

ताईनं तेव्हा माझी नियमफाइल पहिल्यांदा उघडून बघितली आणि हसायला लागली. “हे तर ट्रान्सलेटनं होतं.” ट्रान्सलेट हे पोस्टग्रेसमध्ये मुळातच असलेलं साधं फंक्शन, एका चिन्हाच्या जागी दुसरं ठेवतं, बाहेरची कोणतीही फाइल वाचत नाही, आणि म्हणून अपरिवर्तनीय. इंडेक्सही त्याच्यावर बिनतक्रार झाला. अनॲक्सेंट काढून टाकलं. ड्रॉप एक्स्टेंशन म्हटलं की त्याचं सगळं निघून जातं, ही सोय छान आहे. त्याच्यावर दुसरं काही अवलंबून असेल तर ते काढू देत नाही, हीसुद्धा.

मग मलाच हौस आली. ट्रान्सलेटवर लिहिलेली माझी छोटी फंक्शनं, गावांच्या नावातली मोकळी जागा आणि आडवी रेघ काढून टाकणारं एक, असं सगळं मिळून स्वतःचं एक्स्टेंशन केलं. सी येत नसलं तरी चालतं. कंट्रोल फाइल चार ओळींची, एसक्यूएलच्या फाइलच्या नावात दोन आडव्या रेघांनंतर आवृत्ती, आणि पोस्टग्रेसच्या बांधणी यंत्रणेला हाक मारणारी छोटी मेकफाइल. उपलब्ध एक्स्टेंशनांच्या यादीत पीजी-ट्रायग्रामच्या वरखाली कुठंतरी आपलं नाव बघून जे वाटतं ते दुकानाच्या पाटीनंही वाटलं नव्हतं. हे असं करणं शहाणपणाचं होतं का, याबद्दल मला आजही शंका आहे. फंक्शनं सरळ डेटाबेसमध्ये ठेवली असती तर बॅकअपबरोबर गेली असती. आता ती एक्स्टेंशनमध्ये आहेत, म्हणजे बॅकअपमध्ये पुन्हा तीच एक ओळ, आणि फाइली वेगळ्या जपायच्या.

सचिवांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. त्यांना कंट्रोल फाइल कळत नाही, पण हिशेब कळतो. “तुम्ही उद्या पुण्याला गेलात तं हे कोन बघनार?” मी सांगू लागलो की पीजी-ट्रायग्राम मोठ्या प्रकल्पाचं आहे, त्याला काही होत नाही. ते म्हणाले, “मी त्याचं नाही विचारायलो. तुमचं विचारायलो.”

म्हणून मी प्रकल्पातच जोडभागांचं काय होतं ते वाचत बसलो. प्रत्येक आवृत्तीबरोबर बदलांची यादी येते, तिच्यात काम करणाऱ्यांची नावं असतात. दुसऱ्या सर्व्हरवरचा डेटा इथून वाचू देणारा पोस्टग्रेस-एफडीडब्ल्यू हा असाच कॉन्ट्रिबमधला जोडभाग. 9.6 च्या यादीत, जोड दूरच्या सर्व्हरवरच करण्याच्या कामापुढे शिगेरू हानादा यांच्याबरोबर आशुतोष बापट; 10 च्या यादीत बेरजा-सरासऱ्या तिकडेच करून आणण्याच्या कामापुढे जीवन चाळके आणि पुन्हा बापट. परक्या नावांच्या त्या लांबलचक रांगेत ही आडनावं दिसली तेव्हा मी दुकानातल्या गिऱ्हाइकालाही वाचून दाखवली. त्याला पीक विम्याची पावती हवी होती.

त्याच याद्यांत जोडभाग निवृत्त होतानाही दिसतात. मजकूर-शोधाचं टीसर्च-टू इतकं उपयोगी ठरलं की 8.3 मध्ये ते काम मुख्य डेटाबेसनंच घेतलं, आणि जुना सांगाडा 10 मध्ये काढला. ॲडमिनपॅक 17 मध्ये गेलं. एक्सएमएल-टू मात्र ‘काढायचंय’ अशी पाटी गळ्यात घेऊन 8.3 पासून बसलेलंच आहे; कुणीतरी, कुठंतरी अजून वापरत असणार, म्हणून हात धजावत नाही. बॅकअपवाचून, जागच्या जागी आवृत्ती चढवतानाही एक गंमत असते: फाइली नव्या आल्या तरी डेटाबेसमधली एक्स्टेंशनची नोंद जुन्याच आवृत्तीवर राहते, आल्टर एक्स्टेंशन अपडेट असं वेगळं म्हणावं लागतं. 13 वरून 14 वर असं गेलेल्यांचं पीजी-ट्रायग्राम असंच 1.5 वर राहतं, 1.6 च्या फाइली शेजारी असूनही.

सचिवांसाठी मी शेवटी एक वही केली. कोणतं लिनक्स, कोणता रेपो, पॅकेजचं आकड्यासकट पूर्ण नाव, लँगपॅक, कोणत्या डेटाबेसमध्ये कोणती एक्स्टेंशनं, माझ्या एक्स्टेंशनच्या फाइलींचा छापील मजकूर, आणि नव्या मशीनवर कोणत्या क्रमानं काय करायचं ते. वही कपाटात, फाइली पेन ड्राइव्हवर आणि ताईकडेही. जुनं मशीन त्यांनी विकायला काढायच्या आधी मी त्या वहीवरून, ताईला फोन न लावता, सगळं एकदा पुसून पुन्हा उभं केलं. लोकॅलची पायरी वहीत खाली पडली होती, ती वर घेतली.

आता त्यांना सभासदांचे बँक खात्याचे क्रमांकही त्याच डेटाबेसमध्ये हवेत, कुलूपबंद. त्याला पीजीक्रिप्टो नावाचा जोडभाग आहे, कॉन्ट्रिबमधलाच, विश्वासू यादीतला. लावायला आता मला वेळ लागत नाही. पण किल्ली त्याच मशीनवर ठेवली तर कुलपाचा उपयोग काय, आणि दुसरीकडे ठेवली तर ती कुणाकडे, हे सचिवांनाही ठरवता आलेलं नाही. ते ठरेपर्यंत खाते क्रमांकांचा रकाना मी तयारच केलेला नाही.